चारशे बारा चाचण्या आणि चाळीस नेम

"आपल्याकडे चारशे बारा चाचण्या आहेत, आणि चारशे बाराच्या चारशे बारा पास!"

साहेब हे वाक्य इतक्या वेळा म्हणत की ऑफिसातल्या चहाच्या मशीनलाही ते पाठ झालं असावं. फोनवर म्हणत, जिन्यात म्हणत, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तर त्यालाही ऐकवत. तो बिचारा तिसऱ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरून जाई.

हे ऑफिस सलाईनचा पंप बनवायचं. दवाखान्यात खाटेशेजारी उभी असते ती छोटी पेटी. रोग्याचं वजन सांगितलं की मिनिटाला किती थेंब सोडायचे ते ती ठरवते. पेटीच्या आत एक प्रोग्रॅम असतो. तो चुकला तर थेंब चुकतात आणि थेंब चुकले तर पुढचं बोलायला नको. म्हणून त्या प्रोग्रॅमच्या चारशे बारा बारीकसारीक चाचण्या होत्या. अमुक वजन दिलं तर तमुक थेंब आले पाहिजेत, अशा. प्रोग्रॅममध्ये कुणी काही बदललं की कोपऱ्यातला सर्व्हर या सगळ्या चाचण्या आपणहून चालवी. सगळ्या पास झाल्या की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवा रंग येई. एक जरी नापास झाली तरी लाल.

गेले चाळीस दिवस पडदा हिरवागार होता. नवा सर्व्हर आल्यापासून लाल रंग कुणी पाहिलाच नव्हता. शिवाय हा नवा सर्व्हर भलताच चपळ. जुन्याला सहा मिनिटं लागत, हा चार सेकंदांत मोकळा होई. साहेबांनी त्या चार सेकंदांवर एक छोटंसं भाषणसुद्धा केलं होतं.

चाचण्या लिहायचं काम होतं नेमताईंकडे. हे त्यांचं खरं नाव नव्हे, ऑफिसनं ठेवलेलं. त्यांच्या दिवसाला नेम असत. पहाटे उठून प्रार्थना, मग दहाच्या ठोक्यापर्यंत मौन आणि रोज एक छोटा संकल्प, दिवसभर पाळायचा. मौन सुटल्यावरही त्या इतक्या हळू बोलत की दोन टेबलांपलीकडच्या माणसाला त्या बोलतायत की नुसतीच मान हलवतायत ते कळत नसे. नवरा म्हणे, "हिच्याशी भांडायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो."

पण कामाला चोख. प्रोग्रॅमच्या दर नव्या आवृत्तीबरोबर एक हमीपत्र दवाखान्यांकडे जाई. 'या आवृत्तीच्या सर्व चाचण्या सर्व्हरवर चालवल्या असून त्या पास झाल्या आहेत.' खाली नेमताईंची सही. चाळीस दिवसांत बारा आवृत्त्या, बारा सह्या. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा पहिला नेम, अगदी लहानपणापासूनचा. त्यामुळे ती सही पाहिली की साहेबसुद्धा वरचा मजकूर वाचत नसत.

त्या दिवशी दुपारी बाराला तपासनीस बाई येणार होत्या. एका मोठ्या दवाखान्याला साठ पंप हवे होते. बाईंनी होकार दिला की दुसऱ्या दिवशी पंप वॉर्डात. बाईंनी आधीच कळवलं होतं, 'चाचण्यांची यादी सर्व्हरवरून काढून ठेवा.' एवढी साधी मागणी. नेमताई नऊ वाजून वीस मिनिटांनी सर्व्हरच्या पानावर गेल्या, यादीवर बोट ठेवलं आणि तिथेच थिजल्या.

सापडलेल्या चाचण्या: ०.
नापास: ०.
निकाल: हिरवा.

त्यांनी चष्मा पुसला. पान पुन्हा उघडलं. शून्य. काल? शून्य. परवा? शून्य. चाळीसही दिवस शून्य. सर्व्हर रोज उठे, वर्गात डोकावे, एकही पोर दिसत नसे आणि तो समाधानानं लिहून टाके, 'कुणीही नापास नाही.' शाळेत एकही मूल नाही आणि निकाल शंभर टक्के! चार सेकंदांचं रहस्य हे होतं. रिकामा वर्ग तपासायला कितीसा वेळ लागणार?

बारा हमीपत्रं त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेली. 'सर्व चाचण्या चालवल्या असून.' खाली सही. नेमताईंच्या पाचावर धारण बसली. बारा वेळा खोटं! तेसुद्धा लेखी.

ओरडावं असं वाटलं, पण मौन सुटायला चाळीस मिनिटं होती. मौनाला दोनच सवलती होत्या, आग आणि अपघात. आता शून्य चाचण्या सापडणं हे आगीत बसतं की अपघातात, याचा काही निवाडा होईना. शेवटी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पुढ्यात ठेवली.

'सर्व्हरवर शून्य!'

साहेब फोनवर होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हो बाई, या ना, अवश्य या," ते फोनवर म्हणाले. "आत्ताच आमच्या चाचण्यांच्या प्रमुख समोर उभ्या आहेत. ताजा आकडा आणलाय. नापास शून्य! हो, त्या बोलत नाहीत, पण आकडा बोलतो."

नेमताईंनी दोन्ही हात हलवले. साहेबांनीही हात हलवला. त्यांना वाटलं, या निरोप घेतायत.

त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. 'नापास नव्हे. चाचण्याच शून्य. एकही चाललेली नाही.'

साहेबांनी फोन ठेवला, चिठ्ठी वाचली आणि मंद हसले. "नेमताई, विनोद माझ्याकडे असू दे. तुम्हाला नाही जमत तो."

आता काय करावं? नेमताई तशाच सर्व्हरकाकांकडे गेल्या. सर्व्हर सांभाळणारे म्हणून सर्व्हरकाका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि सर्व्हरबद्दल कुणी वाकडं बोललं तर स्वतःच्या मुलीला स्थळानं नाकारल्यासारखं लागायचं त्यांना. नेमताईंनी पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं. काकांनी शून्य पाहिलं, मग नेमताईंकडे पाहिलं.

"अहो, हे शून्य कधीपासून?"

नेमताईंनी दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडझाप करून दाखवली.

"चाळीस दिवस? आणि त्याच चार सेकंदांसाठी मला प्रशस्तिपत्रक मिळालं?" काका मटकन खुर्चीत बसले. ते प्रशस्तिपत्रक त्यांनी चौकटीत घालून ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

मग काकांनी सर्व्हर बंद करून चालू केला. शून्य. वायर काढून फुंकर मारून परत लावली. शून्य. "शोधतच नसेल नीट," म्हणून त्याला हुकूम सोडला, 'एकूणएक कप्पे शोध, जिथे चाचणीसारखं काही दिसेल ते उचल.' सर्व्हरनं एकूणएक कप्पे शोधले. शून्य.

दहाचे ठोके पडले. नेमताईंच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द बाहेर पडला. "काका."

"अं?"

"काका, चाचण्यांचा कप्पा आहे का हो तिथे?"

काकांनी सर्व्हरवरचे कप्पे वाचायला सुरुवात केली. पंपाचा कप्पा होता. चित्रांचा होता. साहेबांच्या भाषणांचा होता. चाचण्यांचा नव्हता. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" काकांनी टेबलावर थाप मारली. एकदम दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले ते. "माझ्या सर्व्हरचा दोष नाही. त्याला कुणी काही दिलंच नाही. ताई, चाचण्या तुमच्या कॉम्प्युटरवरून इथे आल्याच नाहीत."

"असं कसं? मी तर रोज पाठवते. माझ्याकडे सगळ्या चालतात."

"चला, बघू तुमच्याकडे."

नेमताईंच्या कॉम्प्युटरवर एक वगळायची यादी होती. प्रत्येकाकडेच असते. त्या यादीत ज्याचं नाव लिहाल ते सर्व्हरवर जात नाही, तुमच्यापाशीच राहतं. खासगी टिपणं, अर्धवट कामं, असलं काहीबाही. काकांनी यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. 'चाचण्या'. शेजारी तारीख, चाळीस दिवसांपूर्वीची.

"हे कुणी लिहिलं?" काका म्हणाले.

नेमताई खाली बघू लागल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्याचं असं झालं होतं. नवा सर्व्हर आला त्याच दिवशी त्यांनी चाळीस दिवसांचं नवं व्रत धरलं होतं. रोजचा संकल्प नुसता मनात न ठेवता लिहून काढायचा आणि संध्याकाळी तो पाळला की मोडला याचा खरा निकाल मांडायचा. आता जिची हयात चाचण्या लिहिण्यात गेली ती बाई वहीत थोडीच लिहिणार? नेमताईंनी संकल्पसुद्धा चाचणी म्हणूनच लिहिला. पाळला तर पास, मोडला तर नापास. आणि चारशे बारा चाचण्यांशेजारी त्याच कप्प्यात ठेवून दिला. पहिला संकल्प होता, 'आज साहेबांच्या विनोदाला खोटं हसणार नाही.'

हे सर्व्हरवर जाऊन चालणार नव्हतं. म्हणून त्या वगळायच्या यादीत त्या एका फाइलचं नाव लिहायला बसल्या. तेवढ्यात पाठीमागे साहेब येऊन उभे राहिले. "नेमताई, सांगा बघू, सलाईनच्या बाटलीला कायम सर्दी का असते? नाक गळतं म्हणून!" घाईघाईत नेमताईंनी फाइलऐवजी सगळ्या कप्प्याचंच नाव लिहून यादी मिटली, आणि खोटं हसल्या. संकल्प दोन मिनिटंसुद्धा टिकला नाही. नव्या सर्व्हरला सगळं पहिल्यापासून द्यायचं होतं. सगळं गेलं, चाचण्या तेवढ्या घरी राहिल्या. डब्यातली एक पुडी लपवायची म्हणून बाईनं घरालाच कुलूप घातलं होतं!

"काका, मीच लिहिलं," नेमताई म्हणाल्या. संकल्पांचं मात्र सांगायला जीभ वळेना. त्यात आजचा संकल्प, चाळिसावा, सकाळीच लिहिलेला होता, 'आज कुणापासून काही लपवणार नाही.' त्याच्यापुढे अजून निकाल मांडलेला नव्हता.

"होतं असं," काका उदारपणे म्हणाले. दोष सर्व्हरचा नाही म्हटल्यावर ते आता कुणालाही माफ करायला तयार होते. पण माफ करण्याआधी साहेबांना गाठायचं होतं, आणि साहेब आतापासूनच खाली फाटकाशी जाऊन तपासनीस बाईंची वाट बघत होते. "आधी हे दुरुस्त करू, मग सांगू," काका म्हणाले. कप्पा नीट लावायला, जुने धागे जुळवायला दीड तास गेला. बाराला पाच मिनिटं असताना काकांनी यादीतलं ते नाव पुसलं आणि बोट पाठवायच्या बटणावर नेलं.

तेव्हा नेमताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कप्पा जाणार म्हणजे कप्प्यातलं सगळंच जाणार.

"थांबा," त्या म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात. म्हणजे त्यांना स्वतःलाच ऐकू गेलं.

काकांनी बटण दाबलं.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा, त्याशेजारी काकांचं प्रशस्तिपत्रक. समोर तपासनीस बाई. साठीच्या, काटकुळ्या, हातात पेन्सिल. साहेब सांगत होते, "आमचा सर्व्हर चार सेकंदांत सगळं तपासतो. बघाच तुम्ही." नेमताई आणि काका धावत दारात पोचले, तेवढ्यात पडद्यावर चाचण्या चालू असल्याचं चक्र फिरू लागलं.

चार सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं.

"आज जरा गरम झालाय," साहेब म्हणाले.

"मला घाई नाही," बाई म्हणाल्या.

पडद्यावर आकडा चढू लागला. सापडलेल्या चाचण्या, शंभर. दोनशे. तीनशे. काका पुटपुटत होते, "सापडल्या, सापडल्या." चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा. आणि चारशे तेरा.

साहेब चमकले. "तेरा?"

एकूणएक कप्पे शोध, जिथे चाचणीसारखं काही दिसेल ते उचल. सर्व्हर शब्दाला जागणारा होता. चारशे बावन्नवर थांबला तो. सहा मिनिटांनी निकाल लागला. चारशे अडतीस पास, चौदा नापास. चाळीस दिवसांनी पडदा लालभडक झाला, आणि खाली नापास झालेल्यांची नावं उमटू लागली.

तपासनीस बाईंनी चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'सासूबाई फोनवर असताना आवाज तुटतोय असं सांगणार नाही.' नापास." त्या थांबल्या. "ही पंपाची चाचणी आहे?"

धरणी दुभंगावी असं नेमताईंना वाटलं. पण ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं, तिथे धरणी कुठली?

"'नवऱ्याच्या घोरण्याला घोरणंच म्हणेन, सूड म्हणणार नाही.' नापास." बाईंची पेन्सिल थांबली. "'सर्व्हरकाकांनी तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी नवी असल्यासारखी ऐकेन.' नापास."

"कुठली गोष्ट?" काका म्हणाले.

"'साहेबांच्या विनोदाला खोटं हसणार नाही.' नापास."

 साहेब पडद्याकडे बघत होते. चाळीस दिवसांचं सगळं हसू त्यांच्या डोळ्यांसमोर मागे मागे जात असावं.

सगळे असे त्या ओळी वाचण्यात गुंतलेले. नेमताईंना मात्र त्या ओळींच्या मधे एक वेगळीच ओळ दिसली. ती त्यांच्या संकल्पातली नव्हती. दोनशे सातवी. 'साडेनऊ किलोचं बाळ.' नापास.

ही पंपाची होती. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर परवापर्यंत पास होणारी.

साहेब भानावर येऊन म्हणत होते, "बाई, ही आमच्याकडची थोडी गंमत आहे, पंप अगदी निर्दोष आहे, तुम्ही सही करून टाका, मी..."

"साहेब, थांबा!"

हा आवाज कुणाचा म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. काकांनी तर खिडकीकडे पाहिलं. नेमताईंचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, नेमताईंनाही नाही.

"पंपात काल काही बदललं का?"

"मी?" साहेब म्हणाले. "छे. म्हणजे, जरासंच. ते अपूर्णांक दिसायला बरे दिसत नव्हते. बाई येणार म्हणून काल घरून वजनं पूर्ण आकड्यात करून टाकली. साडेनऊचे दहा. पडदा हिरवाच होता की!"

"साडेनऊ किलोच्या बाळाला दहा किलोचे थेंब गेले असते," नेमताई म्हणाल्या.

साहेब खाली बसले. वॉर्डात उद्या साठ पंप लागणार होते. त्यातले काही लहान मुलांच्या खाटांशी.

 नेमताईंचा आवाज आता एकदा बाहेर आलाच होता. त्या तपासनीस बाईंसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. वगळायची यादी, शून्य, चाळीस दिवस, बारा हमीपत्रं. "सह्या माझ्या आहेत. त्यात लिहिलेलं खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, पण खरं नव्हतं. बाराही मी परत मागवते, आजच. प्रत्येक आवृत्तीच्या चाचण्या पुन्हा चालवून काय निघेल ते जसंच्या तसं कळवते."

साहेबांनी टेबलाखालून त्यांना गप्प बसायची खूण केली. मग स्वतःच ती मागे घेतली.

 तपासनीस बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "मी बावीस वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "जिथे जावं तिथे हिरवं. मला हिरव्या रंगाची धडकीच भरते. जी बाई सासूच्या फोनचा खरा निकाल लिहिते ती बाळाच्या थेंबांचाही खराच लिहील. साहेब, ते अपूर्णांक होते तसे करा. बारा जुन्या आवृत्त्याही चालवा. मी बसते इथेच."

साहेबांनी स्वतःच्या हातांनी साडेनऊचं साडेनऊ केलं. सर्व्हर पुन्हा फिरला, या वेळी संकल्प वगळून फक्त पंपाच्या चाचण्यांवर, साडेपाच मिनिटं. तेवढा वेळ कुणीही चहासुद्धा प्यालं नाही. पंपाच्या चारशे बाराच्या चारशे बारा पास! मग बारा जुन्या आवृत्त्या, एकेक करून. दुपार गेली त्यात. बाराही निर्दोष निघाल्या. शेवटची हिरवी झाली तेव्हा नेमताईंचा जीव भांड्यात पडला, आणि काका म्हणाले की त्यांनी तो पडल्याचा आवाजही ऐकला.

बाईंनी सही केली. जाताना नेमताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सासूबाईंना फोन करा. आवाज तुटू देऊ नका."

संध्याकाळी नेमताईंनी आपले चाळीस संकल्प पंपाच्या चाचण्यांपासून कायमचे वेगळे ठेवले. वगळायच्या यादीत या वेळी एकच फाइल लिहिली आणि तीनदा वाचून पाहिली. चाळिसाव्या ओळीपुढे 'पास' लिहिलं. 'कुणापासून काही लपवणार नाही.' लपवायला आता काही शिल्लकच नव्हतं म्हणा!

निघताना साहेबांनी हाक मारली. त्यांच्या हातात दुपारच्या निकालाचा छापील कागद होता. त्यांनी त्यावर लाल पेनानं खुणा केलेल्या दिसत होत्या.

"रागावलो नाहीये मी," साहेब म्हणाले. "तुमच्यामुळे आज वाचलो. फक्त एक विचारायचंय. हे माझ्या विनोदांचं. पहिला दिवस नापास. नववा नापास. बाविसावा नापास. ठीक आहे, मान्य." त्यांनी कागद पुढे सरकवला. आवाजात थोडी आशा होती. "पण तिसाव्या दिवशी पास झालायत तुम्ही. खोटं हसला नाहीत. म्हणजे त्या दिवशी खरं हसला असणार. तेवढा विनोद मला पुन्हा वापरायचाय. कुठला होता हो तो?"

 नेमताईंना आजचा संकल्प आठवला आणि त्या हळूच म्हणाल्या,

"साहेब, त्या दिवशी तुम्ही रजेवर होता."